पुलाअलीकडचा नवरा

किनुए: आता काय झालं?

तोकुजी: काही नाही. तू हो पुढे. बुटाची नाडी सुटलीय.

किनुए: अहो, या बुटांना नाडीच नाहीये. मागच्या महिन्यात मीच आणलेत. वाकायला लागू नये म्हणून.

तोकुजी: तेच बघत होतो. नाडी नाही, तरी पायात बसतात कसे घट्ट!

किनुए: ओल्या शेवाळात गुडघा टेकवून बघत होतात?

तोकुजी: शास्त्रज्ञाची नजर कुठेही जाते.

किनुए: शास्त्रज्ञ म्हणे! जन्मभर शाळेतल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंत. उठा आधी. पँट बघा, गुडघा हिरवा झालाय.

तोकुजी: तू जा ना देवळात. मी आलोच मागून.

किनुए: नाही. आज तुमचं ते "आलोच मागून" बंद. सकाळी काय ठरलं आपलं?

तोकुजी: सकाळी मी पेपर वाचत होतो. मी पेपर वाचत असताना जे ठरतं, ते तुझं ठरतं.

किनुए: मग परत सांगते, कान देऊन ऐका. मिसाओला संध्याकाळी फोन करायचाय मला. धाकटी बहीण आहे, तिच्या सार्वजनिक स्नानगृहात मदतीला ये म्हणतेय, तिला किती दिवस लटकवून ठेवू? हो तरी म्हणायचं, नाही तरी. तुम्ही आज माझ्या बरोबरीनं तो पूल ओलांडून देवीपर्यंत आलात, तर मी तिला सांगणार, बाई गं, तुझं स्नानगृह तू सांभाळ, मी माझ्या घरी बरी आहे. आणि नाही आलात, तर परवा बॅग भरून मी समुद्रकाठी.

तोकुजी: हिवाळाभर?

किनुए: हिवाळाभर. मग वसंतात बघू. तिची माडीवरची खोली रिकामीच आहे. दिवसा गिऱ्हाइकांचे टॉवेल मोजायचे, संध्याकाळी गरम पाण्यात डुंबायचं, रात्री बहिणी बहिणी बसून ताजी मासळी.

तोकुजी: आणि मी?

किनुए: भाताचा कुकर कुठे असतो माहीत आहे का तुम्हाला?

तोकुजी: स्वयंपाकघरात.

किनुए: स्वयंपाकघरात कुठे?

तोकुजी: शोधला तर सापडेल. हरवलेला थोडाच आहे.

किनुए: लग्न झाल्यापासून दरवर्षी येतो आपण या बागेत. थंडी आली, पाइनच्या फांद्या बर्फानं मोडू नयेत म्हणून माळ्यांनी दोऱ्या ताणल्या, की यायचं. ठरलेलं आहे आपलं. आणि दरवर्षी पूल आला की तुम्ही गायब. एकदा पोटात कळ आली. एकदा चष्मा बाकावर राहिला. एकदा तर म्हणे, तळ्यातलं बदक आजारी दिसतंय, बघून येतो.

तोकुजी: ते खरंच हलत नव्हतं.

किनुए: ते लाकडाचं होतं!

तोकुजी: लांबून कळत नाही.

किनुए: मी एकटी पूल चढते. एकटी दोनदा वाकते, एकटी दोन टाळ्या वाजवते. लोकांना वाटतं, बिचारी विधवा. मागे एका बाईनं तर माझा हात धरून मला पायऱ्या चढवल्या आणि म्हणाली, "हळूहळू सवय होते हो." मी काय बोलणार तिला?

तोकुजी: सांगायचंस, नवरा आहे म्हणून.

किनुए: कुठे आहे म्हणून सांगू? बदकापाशी?

तोकुजी: बरं, चिडू नकोस. चल. पण ही काही पळत सुटायची बाग नाही. फिरत फिरत बघायची. हे बघ, इथून बेट दिसतं, देवळाचं छप्पर दिसतं. आता दोन पावलं पुढे ये. गेलं! टेकडीच्या आड. आता त्या दगडी दिव्यापाशी पुन्हा दिसणार, पण नुसता पूल. ज्यानं बांधली त्यानं केवढा विचार केलाय.

किनुए: दरवर्षी हेच सांगता. आणि बेट दिसेनासं झालं की पाठोपाठ तुम्हीही दिसेनासे होता.

तोकुजी: तिकडून वळसा घालू या का? धबधबा लागेल.

किनुए: धबधबा नंतर.

तोकुजी: शेवाळाचा उतार तरी. या दिवसांत छान असतो.

किनुए: निम्मा तुमच्या गुडघ्याला लागलाय, तोच बघीन मी. पूल!

तोकुजी: किनुए, मला एक शंका आहे. शास्त्रीय आहे, हसू नकोस. दोन माणसं एका तालात चालली तर पुलाला कंप सुटतो. कंप वाढत जातो. मोठमोठे पूल कोसळलेत असे.

किनुए: दगडाचा पूल आहे तो.

तोकुजी: दगडालाही स्वतःचा कंप असतो.

किनुए: आत्ता त्यावरून बालवाडीची अख्खी सहल उड्या मारत गेली!

तोकुजी: त्यांचा ताल एक नव्हता.

किनुए: आणि ते बघा. ते दोघं. आपल्यापेक्षा म्हातारे आहेत. आजोबांच्या हातात काठी आहे, तरी दुसऱ्या हातानं आजीचा हात धरलाय. दिसतंय का काही?

तोकुजी: काठीचा कोन चुकलाय. पडतील.

किनुए: तुम्ही ना...! जाऊ दे. आली बघा टपरी. आता चहाचं निमित्त काढाल.

तामे मावशी: या मास्तर, या! मी म्हटलंच, थंडी पडली, आज-उद्या येणार. चहा टाकलाय. तांदळाच्या गोळ्यांचे दांगो लावते भाजायला, दोन काड्या, पाक जास्त. आणि ती अंगठी द्या इकडे आधी. डब्यात टाकते. नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जायची.

किनुए: अंगठी?

तोकुजी: मावशी, आज नको.

तामे मावशी: नको कशी? दरवर्षीचं आहे आपलं... अगं बाई! जांभळी शाल! अहो मास्तर, ह्या तुमच्या शेजारी उभ्या आहेत!

तोकुजी: दिसतंय मला.

तामे मावशी: पण ह्या तर या वेळी पुलापलीकडे असतात!

किनुए: मावशी, माझ्या नवऱ्याची लग्नातली अंगठी तुमच्या डब्यात कशाला?

तामे मावशी: मला काही माहीत नाही हो. मी आपली दांगो भाजते.

किनुए: अहो, ही काय भानगड आहे?

तोकुजी: भानगड नाही.

किनुए: मला पुलावर पिटाळून तुम्ही इथे अंगठी काढून बसता, आणि भानगड नाही?

तामे मावशी: ए ताई, माझ्याकडे असं बघू नकोस हां. ऐंशीला टेकले मी. आणि नवरा या प्रकाराचा मला वीट आलाय. होता एक, तेवढा पुरला.

किनुए: मग अंगठीचं काय?

तामे मावशी: सांगू का मास्तर?

तोकुजी: नाही.

तामे मावशी: सांगतेच. माझ्या नावावर बालंट यायला लागलं तर कोण गप्प बसेल? त्याचं असं आहे ताई. तू पुलाकडे गेलीस की हे या टपरीमागे येऊन बसतात. पुलाकडे पाठ. आणि मला विचारत राहतात, "मावशी, चढली का? उतरली का?" मी मान वर करून बघायचं आणि सांगायचं. तू देवीला जाऊन परत आलीस, धबधब्याकडे वळलीस, की मी म्हणते, "गेली." की हे अंगठी काढतात, माझ्या चहापत्तीच्या डब्यात टाकतात आणि धावत सुटतात.

किनुए: हे? धावत?

तामे मावशी: कोटाच्या शेपट्या उडवत.

किनुए: घरी दारावरची घंटा वाजली तर उठत नाहीत!

तामे मावशी: आणि पलीकडे जाऊन टाळ्या वाजवून असं ओरडतात, की इथवर ऐकू येतं. तू धबधब्यापाशी असतेस ना, तुला कुठलं ऐकू यायला? म्हणतात, "देवी! मी इशिगुरो तोकुजी! अविवाहित!"

किनुए: काय?

तामे मावशी: अविवाहित. दरवर्षी.

किनुए: माझ्या हातचं खाऊन, मी इस्त्री केलेला सदरा घालून, देवीपुढे अविवाहित?

तामे मावशी: आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून चाललंय हे. जाताना मला जवळ बोलावलं त्यांनी. म्हणाल्या, "तामे, पाकात आलं घालू नकोस. आणि तो मास्तर आला की त्याची अंगठी डब्यात ठेव. का म्हणून विचारू नकोस." नाही विचारलं. आज विचारते. का हो मास्तर?

तोकुजी: हळू बोला. तिला ऐकू जाईल.

किनुए: मी इथेच उभी आहे, बहिरी नाहीये!

तोकुजी: तू नाही गं. ती. पलीकडची.

किनुए: पलीकडची कोण? थांबा. थांबा हं. जोडीनं पूल ओलांडला की बेंतेन देवी मत्सरानं जळते आणि त्या दोघांची फारकत करते, ते? शाळेतल्या पोरी एकमेकींच्या कानात सांगतात, ते?

तोकुजी: शू! नाव घेऊ नकोस.

किनुए: तुम्ही ते मानता?

तोकुजी: मानत नाही. अजिबात मानत नाही. फक्त पाळतो.

किनुए: अहो, शववाहिनी दिसली की अपशकुन नको म्हणून मी हाताचे अंगठे मुठीत लपवते, तर तुम्ही मला हसता! उत्तरेला डोकं करून झोपू नका म्हटलं, तर मुद्दाम उशी फिरवता! रात्री नखं काढू नका म्हटलं, तर माझ्या आईसमोर कट-कट-कट करत बसलात!

तोकुजी: ते निव्वळ थोतांड आहे.

किनुए: आणि हे?

तोकुजी: याला पुरावा आहे.

किनुए: आणि आता आठवलं! शववाहिनी गेली की तुम्ही हात खिशात घालता!

तोकुजी: थंडी वाजते.

किनुए: जुलैत?

तामे मावशी: मास्तर, दांगो खा. बोलू नका. बोलाल तितके रुताल.

किनुए: नाही, बोलू दे. पुरावा काय आहे ते सांगा.

तोकुजी: एकदा जोडीनं पूल ओलांडला होता. कॉलेजात असताना. जाताना हसत गेलो. परत आलो, बाहेर बसस्टॉपवर उभे राहिलो. बस आली. ती चढली आणि म्हणाली, "तू पुढच्या बसनं ये." पुढची बस आली, ती नाही भेटली. कधीच नाही.

किनुए: ती कोण?

तोकुजी: तुझ्या आधीची गोष्ट आहे.

किनुए: ते कळलं. कोण?

तोकुजी: नाव आठवत नाही.

किनुए: बस आठवते, स्टॉप आठवतो, नाव नाही आठवत!

तोकुजी: फुजिए.

किनुए: पटकन आठवलं.

तामे मावशी: चहा घे ताई. कडक आहे, बरं वाटेल.

किनुए: आणि एवढ्यावर तुम्ही ठरवलंत? पोरांना तर एकेक प्रयोग तीन-तीनदा करायला लावायचात.

तोकुजी: पोरांचं काय, काचेची नळी फुटली तर दुसरी मिळते. मी दुसरा प्रयोग कोणाला घेऊन करणार होतो? तुला घेऊन?

किनुए: करायचा होता की.

तोकुजी: मला नव्हता करायचा. बस.

किनुए: मग सांगायचं होतं ना मला! तोंड शिवलं होतं का कोणी?

तोकुजी: कसं सांगणार? तुझ्या त्या मुठीत लपवलेल्या अंगठ्यांना हसून झालं होतं.

किनुए: मला काय वाटत होतं माहीत आहे इतकी वर्षं? तुम्हाला माझी लाज वाटते. चारचौघांत माझ्या शेजारी चालायला नको वाटतं. आधी वाटायचं, माझे केस बरे नाहीत. मग वाटायचं, जाड झाले. ही शाल काय मला आवडते म्हणून घालते? भडक आहे म्हणून घालते. म्हटलं, निदान लांबून तरी बघतील.

तामे मावशी: लांबून मी बघायचे. हे पाठ करून बसायचे.

तोकुजी: मावशी!

तामे मावशी: खोटं आहे का?

तोकुजी: लाज कसली, किनुए? तुझी लाज? मी त्या देवीला घाबरून टपरीमागे लपतो, लाज वाटायचीच तर तुला वाटायला हवी.

किनुए: वाटतेच आहे.

तोकुजी: वाटू दे.

किनुए: बरं, आता माझं ऐका. मीही सांगते. ज्या वर्षी फार राग यायचा, तेव्हा मी तिथे जाऊन देवीला काय म्हणायचे माहीत आहे? म्हणायचे, "देवी, तू म्हणे जोड्या तोडतेस. या माणसाला माझी एवढी लाज वाटत असेल तर टाक तोडून आमचीही."

तोकुजी: काय! असं म्हणालीस तू? तिथे? तिच्यासमोर?

किनुए: रागात म्हटलं हो. घरी जाऊन पस्तावायचे.

तोकुजी: म्हणजे मी जर शेजारी उभा असतो...

तामे मावशी: तर गेलाच होतात मास्तर.

तोकुजी: बघ! बघ! मी मागे राहिलो म्हणून वाचलो आपण! आणि तू मला बदकावरून बोलतेस!

किनुए: तुम्ही मागे राहायचात म्हणून तर मी तसं म्हणायचे!

तामे मावशी: डोकं फिरेल माझं तुमच्यापायी. दांगो करपला बघा.

किनुए: आणि तसंही, ते लग्नाआधीच्यांसाठी असतं. एकदा रीतसर लग्न झालं की देवी लक्ष घालत नाही. आई म्हणायची.

तोकुजी: असं कुठे लिहिलंय?

किनुए: आई म्हणायची!

तोकुजी: तुझी आई माझ्याबद्दलही बरंच काही म्हणायची. मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही इथल्याच. लग्न झालेल्यांना चालतं का?

तामे मावशी: मला काय विचारता? मी आणि आमचे हे रोज ओलांडायचो. पलीकडे पाणी भरायला.

किनुए: बघा! आणि काही झालं नाही ना?

तामे मावशी: गेला तो.

किनुए: अरेरे. वारले का?

तामे मावशी: कसला वारतोय! नागोयाला गेला. मीच घालवला. पण त्यात देवीचा काही दोष नाही हां. दिवसभर गळ टाकून बसायचा, आणि मासा कधी आणला नाही.

तोकुजी: बास. मी नाही येत.

किनुए: ठीक आहे. मग मी मिसाओला फोन करते. आत्ताच करते.

तोकुजी: अगं थांब! आलो तरी तू जाणार, नाही आलो तरी तू जाणार. मी करू काय?

किनुए: आलात तर मी जाणार नाही, हे मी सांगतेय तुम्हाला. तुमची ती पलीकडची काय करेल ते करेल. तुम्ही कोणाचं ऐकणार? तिचं की माझं?

तोकुजी: तुझंच ऐकायचंय, म्हणून तर तिची भीती वाटते.

तामे मावशी: अहो, भांडता कशाला? सोपं आहे. इतकी वर्षं देवीला थाप मारलीत ना? मग आज आणखी एक मारा. दोघं जा, शेजारी शेजारी जा, पण ओळख नसल्यासारखे. वाटेत भेटलात. हे कोण, माहीत नाही. त्या कोण, माहीत नाही. अनोळखी माणसांना देवी कशाला तोडेल? जोडलेलंच नाही तर.

तोकुजी: मावशी, हे... हे तर्काला धरून आहे.

किनुए: अहो, देवीला काय डोळे नाहीत का?

तोकुजी: इतकी वर्षं अविवाहित चाललं की नाही? चाललं! काढ अंगठी.

किनुए: निघत नाहीये. बोट सुजलंय. बघा ओढून.

तोकुजी: राहू दे, राहू दे. ओढू नकोस. नाही निघत तेच बरं. हातमोजा घाल वरून. मावशी, माझी धरा.

तामे मावशी: आणा. आणि मास्तर, तिला अगंतुगं करू नका हां पुलावर. अनोळखी बाईला कोणी अगं म्हणत नाही. आपण म्हणायचं, आपण!

(पुलावर.)

तोकुजी: नमस्कार.

किनुए: नमस्कार.

तोकुजी: आपण... आपणही देवीलाच का?

किनुए: नाही, कोबी आणायला चाललेय. पूल आणखी कुठे जातो का?

तोकुजी: अनोळखी माणसाशी असं बोलतात का कोणी?

किनुए: बरं बरं. हो, देवीलाच. आपण?

तोकुजी: मीही. एकटाच. अविवाहित!

किनुए: ओरडू नका. कासव पाण्यात पडलं.

तोकुजी: माफ करा. सवय आहे. आज हवा छान आहे, नाही?

किनुए: हो. आपल्या गुडघ्याला काहीतरी हिरवं लागलंय.

तोकुजी: हं. बुटाची नाडी बांधत होतो.

किनुए: आपल्या घरी असतं कोण कोण? अविवाहित म्हणालात म्हणून विचारलं.

तोकुजी: एक बाई असतात. भात फार सुरेख करतात.

किनुए: नुसता भातच?

तोकुजी: नाही, सगळंच. आणि माझा चष्मा त्यांनाच सापडतो. मला कधी सापडत नाही. त्या घरी नसल्या की मी पेपर नुसता हातात धरून बसतो. वाचतोय असं दाखवतो, पण वाचत नाही.

किनुए: हे त्या बाईंना सांगितलंत का कधी?

तोकुजी: तेवढी ओळख नाही हो अजून.

किनुए: सांगा. बऱ्या असतील त्या. ऐकून घेतील.

तोकुजी: आपण सावकाश या. इथे कमान उंच आहे, पानं पडलीत, दगड ओला आहे. हात देऊ का?

किनुए: परक्या बाईला?

तोकुजी: घर्षण कमी आहे. निव्वळ भौतिकशास्त्र.

किनुए: द्या मग. आपला हात गार पडलाय हो. आणि पाऊल पुढे का पडत नाहीये?

तोकुजी: पूल हलतोय.

किनुए: बरं, पूल हलतोय.

तोकुजी: आपली शाल... शाल फार छान आहे. मघापासून सांगणार होतो. तळ्याच्या कुठल्याही काठावरून दिसेल अशी आहे.

किनुए: पाठ करून बसलं नाही तर दिसते.

तोकुजी: आलो. आलो की गं!... आलो की हो आपण.

किनुए: हो. आता नमस्कार करा. आधी आपण. वयानं मोठे दिसता.

तोकुजी: देवी, मी इशिगुरो तोकुजी. नेहमीचाच. म्हणजे... एकटाच आलोय. या बाई वाटेत भेटल्या. कोण, कुठल्या, मला काही माहीत नाही. पण चांगल्या वाटल्या. यांची एक बहीण आहे, तिचं समुद्रकाठी स्नानगृह आहे. ते उत्तम चालू दे. इतकं उत्तम चालू दे, की तिला कोणाची मदत लागूच नये. आणि या बाई मागे रागात इथे काही बोलून गेल्या असतील, तर ते तू मनावर घेऊ नकोस. झालं माझं. करा तुम्ही. आपण.

किनुए: टाळ्या वाजवल्या नाहीत.

तोकुजी: एक हात अडकलाय माझा.

किनुए: मी धरलेलाच नाहीये. आपणच धरून ठेवलाय.

तोकुजी: ओला दगड आहे.

किनुए: इथे फळ्या आहेत. कोरड्या.

तोकुजी: तरी राहू दे. तुम्ही बोला.

किनुए: देवी, हे माझ्या शेजारचे गृहस्थ कोण, मला खरंच माहीत नाही. तुझ्या हाती असेल ते कर. फक्त जाताना यांना माझ्याबरोबर घरी पाठव.